आयव्हीएफची हार्मोन इंजेक्शने घरी घेताना: पहिल्यांदाच या वाटेवर येणाऱ्यांसाठी

आयव्हीएफच्या, म्हणजे अंडी काढून प्रयोगशाळेत फलित करण्याच्या, आमच्या पहिल्या उपचारचक्राच्या पहिल्या संध्याकाळी कऱ्हाडच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर पावडरच्या तीन कुप्या, द्रावणाची एक ॲम्प्यूल (मान मोडून उघडायची काचेची बंद नळी), दोन वेगवेगळ्या जाडीच्या सुया आणि स्पिरिटचे बोळे मांडून मी आणि माझे पती अर्धा तास नुसते पाहत उभे होतो. पुण्याच्या केंद्रातील परिचारिकेने दुपारी सर्व काही करून दाखवले होते. परंतु त्या वेळी आम्ही दोघेही इतके भांबावलेले होतो की घरी आल्यावर, तीन कुप्यांसाठी द्रावण एकच का दिले आहे, हेसुद्धा कोणाला आठवेना. त्यानंतर आम्ही दुसरेही चक्र केले, आणि मधल्या काळात अनेक जोडप्यांशी बोलल्यावर लक्षात आले की ही अडचण बहुतेकांना येते. कोणते औषध आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. कुपीपासून त्वचेपर्यंतचे काम मात्र रात्रीच्या वेळी आपल्या घरात आपल्याच हातांनी होते, आणि त्याची तयारी पाळी येण्याच्या आधीच करून ठेवावी लागते. तेवढ्याच कामासाठी हा लेख लिहीत आहे. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली सूचना आणि येथे लिहिलेले यांत फरक आढळला, तर त्यांची सूचना पाळावी.

१. कोणते इंजेक्शन कशासाठी, हे आधी समजून घ्या

नैसर्गिक चक्रात दर महिन्याला बीजांडकोशातील अनेक फॉलिकल्स, म्हणजे अंडे ज्यात वाढते त्या सूक्ष्म पिशव्या, वाढू लागतात. त्यांतील एक पुढे जाते आणि शरीरातील एफएसएच या हार्मोनचे प्रमाण कमी झाल्यावर बाकीच्या सुकून जातात. बाहेरून एफएसएच दिले म्हणजे त्या सुकणाऱ्या पिशव्यांनाही वाढायला पुरेसे हार्मोन मिळत राहते. म्हणूनच ‘इतकी अंडी एकदम काढली तर पुढच्या वर्षांची संपून जातील’ ही भीती निराधार आहे, कारण ही अंडी त्या महिन्यात तशीही नष्ट होणारच होती. माझ्या सासूबाईंना ही गोष्ट समजावून सांगितल्यावर घरातील अर्धा ताण कमी झाला, म्हणून ती मुद्दाम सविस्तर लिहिली आहे.

ही वाढीची इंजेक्शने मुख्यतः दोन प्रकारची असतात. प्रयोगशाळेत तयार केलेले रिकॉम्बिनंट एफएसएच बहुधा पेनमध्ये किंवा भरलेल्या सिरिंजमध्ये मिळते. एचएमजी पावडरच्या कुपीत मिळते, त्यात एफएसएचबरोबर एलएच या, अंडे बाहेर पडायला लावणाऱ्या, हार्मोनचे कार्यही असते आणि ते आजही रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रापासून शुद्ध करून बनवले जाते. हे औषध जुने आहे. त्याने उपचार केलेल्या स्त्रीला पहिले मूल १९६२ साली इस्रायलमध्ये झाले, आणि कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ साली ज्या उपचारातून भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आणली, त्यातही त्यांनी हेच वापरले होते.

तिसरे इंजेक्शन ‘अँटॅगोनिस्ट’, म्हणजे सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स. ते अंडी वेळेआधी फुटू देत नाही. चौथे ‘ट्रिगर’, जे अंड्यांची शेवटची परिपक्वता घडवते, आणि पाचवे प्रोजेस्टेरॉन, जे गर्भाशयाच्या अस्तराला आधार देते. आययूआयसाठी, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचारासाठी, हीच वाढीची इंजेक्शने पुष्कळ कमी मात्रेत देतात, कारण तेथे अंडी शरीरातच फुटतात. तीन-चार फॉलिकल्स एकदम मोठी झाली तर जुळ्या-तिळ्यांचा धोका वाढतो, आणि अशा वेळी डॉक्टरांनी ते चक्र रद्द केले तर तो निर्णय तुमच्या हिताचाच असतो.

पुरुषांविषयीही येथेच सांगायला हवे. मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीकडून पुरेसे हार्मोन न मिळाल्यामुळे ज्यांच्यात शुक्राणू तयार होत नाहीत, त्यांना एचसीजी (गरोदरपणात शरीरात तयार होणारे, एलएचसारखे काम करणारे हार्मोन) आणि एफएसएचची इंजेक्शने कित्येक महिने घ्यावी लागतात आणि त्यांचा चांगला उपयोगही होतो. याउलट व्यायामशाळेत ‘ताकदीसाठी’ म्हणून दिले जाणारे टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन शुक्राणूंची निर्मिती थांबवते. पतीने असे काही घेतले असेल किंवा घेत असतील, तर संकोच बाजूला ठेवून पहिल्याच भेटीत सांगा.

२. केंद्राची नोंदणी, तपासण्या आणि कागदपत्रे

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ नुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी असणे बंधनकारक आहे. ‘लेव्हल १’ केंद्रात आययूआयपर्यंतचे उपचार होतात आणि आयव्हीएफसाठी ‘लेव्हल २’ नोंदणी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर दिसले नाही तर विचारा. या कायद्यानुसार स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ या मर्यादेत असावे लागते. मुलगा होण्याची हमी सूचित करणारी व्यक्ती भेटली तर तेथून निघून यावे. लिंगनिवड हा गुन्हा आहे, आणि कायदा मोडायला तयार असलेला माणूस तुमच्या शरीराची काळजी कितपत घेईल, हा प्रश्न उरतोच.

सोबत एक फाइल ठेवा. आमच्या फाइलमध्ये पुढील कागद होते आणि त्यांतील प्रत्येक कधी ना कधी मागितला गेला:

- दोघांची आधार कार्डे, पॅन कार्डे व छायाचित्रे, आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र.
- एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी), टीएसएच (थायरॉइडची), प्रोलॅक्टिन (या हार्मोनची पातळी) या रक्ततपासण्यांचे अहवाल, वीर्यतपासणीचा अहवाल, तसेच दोघांच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची) तपासण्या.
- आधीच्या सोनोग्राफी, लॅप्रोस्कोपी किंवा शस्त्रक्रियेचे कागद.
- संमतिपत्रांच्या प्रती, आणि औषधांची सर्व बिले, ज्यांवर बॅच क्रमांक छापलेला असावा.

संमतिपत्रे बहुधा इंग्रजीत असतात आणि ती सही करण्याच्या दिवशीच समोर येतात. आदल्या भेटीत मागून घरी आणा आणि समजेपर्यंत वाचा. खर्चाविषयी एवढेच सांगते की ‘पॅकेज’मध्ये इंजेक्शने धरलेली आहेत की नाहीत, आणि मात्रा वाढली तर जादा पैसे कोण भरणार, हे लेखी घ्यावे. सर्वसाधारण आरोग्य विम्यात वंध्यत्वाचा उपचार बहुधा वगळलेला असतो.

३. औषधे आणणे आणि ठेवणे

पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी इंजेक्शने सुरू होतात, त्यामुळे औषधे आणि प्रशिक्षण दोन्ही त्याआधी व्हायला हवे. येथेच पहिला सापळा आहे. केवळ डाग दिसला म्हणजे पहिला दिवस धरत नाहीत, नेहमीसारखा स्राव सुरू झाला की धरतात. स्राव रात्री उशिरा सुरू झाला तर कोणता दिवस पहिला मानायचा, हे केंद्राला आधीच विचारून ठेवा, कारण पाळी रविवारी किंवा सणाच्या दिवशी यायचीच.

यांतील अनेक इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागतात, तर काही २५ अंशांपर्यंत बाहेर चालतात. नाव सारखे असूनही कंपनीप्रमाणे ही अट बदलते, म्हणून प्रत्येक खोक्यावरची सूचना स्वतः वाचा. आमच्या पहिल्या चक्रात एका औषध दुकानाने मे महिन्याच्या दुपारी पेन साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरपोच पाठवले. ते बाहेर किती वेळ होते याचे उत्तर कोणालाच देता आले नाही, आणि शेवटी ते बदलून घ्यावे लागले. तेव्हापासून आम्ही थर्मोकोलचा डबा घेऊन स्वतः जात असू.

फ्रीजमध्ये औषध दारातल्या कप्प्यात ठेवू नका आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही ठेवू नका, कारण गोठलेले औषध वापरता येत नाही. मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, दोघांची नावे लिहून ठेवणे बरे. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. त्याहून जास्त भारनियमन असलेल्या गावात राहत असाल, तर ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे असे घर आधीच पाहून ठेवा. प्रवासात बर्फाची पिशवी आणि औषध यांच्यामध्ये रुमालाची घडी असू द्या.

४. मात्रा आणि सिरिंज: सर्वांत जास्त चुका येथे होतात

एचएमजीची कुपी बहुधा ७५ किंवा १५० युनिटची असते. २२५ युनिट लिहिले असतील तर ७५ च्या तीन कुप्या लागतात, पण द्रावण मात्र एकच मिलिलिटर वापरायचे असते. पहिल्या कुपीत द्रावण सोडायचे, पावडर विरघळली की तेच पाणी ओढून दुसऱ्या कुपीत आणि मग तिसऱ्या कुपीत सोडायचे. अशा रीतीने तिन्ही कुप्यांचे औषध एका मिलिलिटरमध्ये येते आणि एकदाच टोचावे लागते. एका मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त किती कुप्या चालतात, हे औषधाप्रमाणे ठरते, म्हणून ते विचारून घ्या. कुपी जोराने हलवू नये, दोन बोटांत धरून हळूच फिरवावी. द्रावण गढूळ दिसले किंवा त्यात कण राहिले, तर ते टोचू नका.

काचेच्या ॲम्प्यूलची मान मोडताना बोटाभोवती कापूस किंवा जाळीचे कापड गुंडाळा, आणि मान तुमच्याविरुद्ध दिशेला मोडेल अशी ॲम्प्यूल धरा. मिसळायला जाड सुई आणि टोचायला बारीक सुई वापरायची असते. मिसळून झाल्यावर सुई बदलायला विसरलात, तर त्याची आठवण तुमच्या पोटाला राहील.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. ‘युनिट’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. औषधाच्या खोक्यावरचे युनिट हे हार्मोनच्या शक्तीचे माप असते, तर इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा इन्सुलिनसाठी आखलेल्या असतात आणि त्यांचा तुमच्या औषधाच्या युनिटांशी काहीही संबंध नसतो. त्यातून आपल्याकडे दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात. लाल टोपणाच्या ‘यू-४०’ मध्ये ४० रेघांचा एक मिलिलिटर होतो आणि नारिंगी टोपणाच्या ‘यू-१००’ मध्ये १०० रेघांचा. समजा ल्युप्रोलाइडचे (काही उपचारपद्धतींत दिल्या जाणाऱ्या आणखी एका हार्मोन इंजेक्शनचे) ०.२ मिलिलिटर टोचायचे आहे. यू-१०० वर ते २० व्या रेघेपर्यंत येते, तर यू-४० वर फक्त ८ व्या. केंद्राने ‘वीस युनिट भरा’ असे सांगितले आणि दुकानदाराने लाल टोपणाची सिरिंज दिली, तर अडीचपट औषध शरीरात जाईल. म्हणून मात्रा नेहमी मिलिलिटरमध्ये लिहून घ्या, सिरिंजचा प्रकारही लिहून घ्या, आणि पहिल्या दिवशी भरलेल्या सिरिंजचे छायाचित्र केंद्राला पाठवून विचारा. आम्ही पहिले तीन दिवस रोज पाठवले, आणि परिचारिकेने एकदाही कंटाळा दाखवला नाही.

पेन वापरत असाल तर काम सोपे असते. मात्रेचा आकडा फिरवून लावायचा, बटण पूर्ण दाबायचे आणि त्या पेनच्या पत्रकात सांगितले असेल तितके सेकंद सुई आतच ठेवायची. बटण दाबल्यावर खिडकीत शून्य न येता एखादा आकडा उरला, तर तेवढे औषध पेनमध्ये शिल्लक नव्हते असा त्याचा अर्थ होतो, आणि उरलेली मात्रा नव्या पेनमधून घ्यावी लागते.

५. टोचण्याची पद्धत

वेळ अशी निवडा की दोघेही रोज घरी असाल आणि फोन केल्यावर केंद्रात कोणीतरी उचलेल. आम्ही रात्री आठ ठरवली. हात साबणाने धुवा, औषध फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, म्हणजे थंड औषधाने होणारी आग कमी होते. बेंबीपासून साधारण दोन-तीन बोटे दूर, डाव्या किंवा उजव्या बाजूची जागा स्पिरिटने पुसा आणि ती पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचले तर चरचरते. त्वचेची घडी चिमटीत धरून सुई एकदाच, न थबकता आत घाला, औषध सावकाश सोडा, सुई बाहेर काढल्यावर बोळा नुसता दाबून धरा आणि चोळू नका. आज डावी बाजू घेतली तर उद्या उजवी घ्या. थेंबभर रक्त येणे किंवा छोटा निळा डाग पडणे नेहमीचे आहे.

रोज शेजारच्या दवाखान्यात जाऊन टोचून घेण्याऐवजी स्वतः किंवा पतीने शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दवाखाना रविवारी बंद असतो आणि हे उपचार वार पाहत नाहीत. मात्र तुमच्या औषधावर ‘स्नायूत’ असे लिहिले असेल, तर ते प्रशिक्षित हातांकडूनच टोचून घ्या.

एका वहीत तारीख, वेळ, औषध, मात्रा, बाजू आणि सकाळचे वजन लिहीत जा. एखादी मात्रा चुकली किंवा ती घेतली की नाही याची शंका आली, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. त्याच रात्री फोन करा.

६. मधले आठ ते बारा दिवस

वाढीची इंजेक्शने साधारण आठ ते बारा दिवस चालतात आणि या काळात तीन-चार वेळा योनीमार्गे सोनोग्राफी होते, कधी रक्तातील इस्ट्रॅडिऑल, म्हणजे वाढत्या फॉलिकल्समधून तयार होणारे हार्मोनही पाहतात. प्रत्येक भेटीनंतर मात्रा बदलू शकते, म्हणून पुढच्या सर्व दिवसांची औषधे एकदम विकत घेऊ नका. केंद्राबाहेर बसलेल्या इतर स्त्रियांशी फॉलिकल्सची संख्या ताडून पाहण्याचा मोहही टाळा. वय, एएमएच आणि मात्रा प्रत्येकीची निराळी असते.

पाचव्या-सहाव्या दिवशी किंवा फॉलिकल १२ ते १४ मिलिमीटरचे झाल्यावर अँटॅगोनिस्ट सुरू होते. आता रोज दोन इंजेक्शने असतात आणि नवे सुरू झाले म्हणजे जुने बंद, असा गैरसमज येथे होतो. जुने बंद करायला सांगितले नसेल तर दोन्ही घ्यायची. अँटॅगोनिस्टची वेळ काटेकोर पाळा, कारण ते चुकले तर अंडी काढण्यापूर्वीच फुटून संपूर्ण चक्र वाया जाऊ शकते. टोचलेल्या जागी थोडा वेळ लाली आणि खाज येते, ती आपोआप जाते. परंतु अंगभर पित्त उठले किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठा.

७. ट्रिगर: घड्याळाचे इंजेक्शन

सर्वांत मोठी फॉलिकल्स १८ ते २० मिलिमीटरपर्यंत आली की ट्रिगर ठरते. अंडी त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी काढतात. उदाहरणार्थ, सोमवारी सकाळी नऊला अंडी काढायची असतील तर ट्रिगर शनिवारी रात्री नऊला येते. वेळ अर्धा तास इकडेतिकडे झाली तरी ती लपवू नका. नेमकी वेळ कळवली तर अंडी काढण्याची वेळ पुढेमागे करता येते.

आम्हाला आलेल्या निरोपात ‘शनिवारी रात्री १२.३०’ असे लिहिले होते. शुक्रवारची रात्र संपून सुरू होणारा शनिवार, की शनिवारची रात्र उलटल्यानंतरचा, हे त्यातून कळत नव्हते, आणि दोहोंत पूर्ण २४ तासांचा फरक होता. आम्ही फोन केला म्हणून वाचलो. मध्यरात्रीच्या आसपासची वेळ मिळाली तर ‘जेवणानंतरची आजची रात्र की उद्याची’ अशा साध्या शब्दांत विचारा आणि तारखेसह उत्तर लिहून घ्या.

एचसीजीचे ट्रिगर ५,००० किंवा १०,००० युनिटच्या पावडरीत, किंवा २५० मायक्रोग्रॅमच्या भरलेल्या सिरिंजमध्ये मिळते. पावडरचे असेल तर घाईत नुसते द्रावणच टोचले जाण्याची चूक घडलेली आहे, म्हणून टोचण्यापूर्वी पावडरची कुपी रिकामी झाली आहे का, हे दोघांनीही पाहावे. अँटॅगोनिस्ट पद्धतीत एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनचे ट्रिगरही देतात. ते कशासाठी, ते पुढे सांगते.

८. पोट फुगू लागले तर

या औषधांचा गंभीर धोका म्हणजे ओएचएसएस. बीजांडकोश प्रमाणाबाहेर सुजतात आणि रक्तवाहिन्यांतील पाणी पोटात झिरपते. पीसीओएस (बीजांडकोशात बरीच लहान फॉलिकल्स साठून राहण्याचा विकार) असलेल्या, एएमएच जास्त असलेल्या आणि वयाने तरुण स्त्रियांना हा धोका अधिक असतो. एचसीजी शरीरात बरेच दिवस टिकते आणि ही सूज वाढवते, त्यामुळे अशा स्त्रियांना ल्युप्रोलाइडसारखे ट्रिगर देऊन सर्व भ्रूण गोठवून ठेवतात आणि प्रत्यारोपण पुढच्या महिन्यात करतात. मला पीसीओएस असल्याने माझ्या बाबतीत हेच झाले. ‘प्रत्यारोपण आत्ता नाही’ हे ऐकून मी तेव्हा खूप रडले, पण पुढच्या आठवड्यात पोटाची स्थिती पाहिल्यावर त्या निर्णयाचे महत्त्व समजले.

थोडे जडपण आणि पोट फुगल्यासारखे वाटणे साहजिक आहे. मात्र एका दिवसात वजन एक किलोपेक्षा जास्त वाढले, लघवी कमी झाली, उलट्या थांबत नसतील, श्वास घेणे जड जाऊ लागले किंवा पोटरी दुखून सुजली, तर सकाळची वाट पाहू नका. एका बाजूला अचानक असह्य कळ आली तर मोठा झालेला बीजांडकोश पिळला गेलेला असू शकतो, आणि त्याला तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणून या दिवसांत धावणे, उड्या मारणे आणि जड वस्तू उचलणे टाळायला सांगतात. केंद्राचा रात्रीचा क्रमांक आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा क्रमांक फ्रीजच्या दारावर लावून ठेवा. पुण्यापासून दूर राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी गाडीची सोयही आधीच करावी.

९. त्यानंतरची इंजेक्शने आणि उरलेले सामान

प्रोजेस्टेरॉन योनीमार्गे घ्यायच्या गोळ्यांच्या किंवा जेलच्या रूपात, त्वचेखालील इंजेक्शनात किंवा तेलातील इंजेक्शनात मिळते. तेलातले इंजेक्शन दाट असते आणि नितंबाच्या वरच्या-बाहेरच्या भागात स्नायूत द्यावे लागते. कुपी थोडा वेळ तळहातात धरली की तेल पातळ होते, आणि नंतर शेकल्याने गाठी कमी होतात. ते स्वतःच्या मनाने थांबवू नका, अगदी थोडा रक्तस्राव दिसला तरी.

एचसीजीचे ट्रिगर घेतले असेल तर पुढचे दहा-चौदा दिवस घरगुती गर्भचाचणी खोटी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते, कारण ती त्याच औषधाला ओळखते. केंद्राने दिलेल्या तारखेला रक्ताची बीटा-एचसीजी तपासणी करावी आणि तोपर्यंत पट्टीला हात लावू नये.

वापरलेल्या सुयांवर टोपण परत बसवू नका. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात त्या टाका आणि डबा केंद्रात परत द्या. घरचा कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हाताला सुई लागू नये, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी. न उघडलेल्या कुप्या उरल्या तर दुकानदाराला परत घेण्याविषयी विचारा. बिल जपले आणि औषध सतत थंड ठेवले असले तरी बहुतेक जण नकार देतात. दुसऱ्या जोडप्याला त्या देण्याची इच्छा होते आणि मलाही झाली होती, पण त्या कुपीने वाटेत किती ऊन सोसले हे त्यांना कळण्याचा मार्ग नसतो. मी माझ्या उरलेल्या दोन कुप्या सुयांच्या डब्यासोबत केंद्रातच जमा केल्या.